शब्दचर्चा : 'किसेरू'ला मराठीत चिलीम म्हणावे का?

प्रश्न : मी हस्तकलेच्या एका पुस्तिकेचे मराठीकरण करीत आहे. जुनी पितळी नळी आणि तांब्याचा पत्रा वापरून जपानी पद्धतीचे धूम्रपानाचे साधन घरी कसे घडवावे, याची कृती तीत दिली आहे. जपानीत त्याला 'किसेरू' म्हणतात. मराठीत 'चिलीम' म्हटले तर चालेल का? शब्दाचे लिंग कोणते मानावे? आणि वापरून झालेल्या धातूसाठी 'भंगार' हा शब्द योग्य आहे का?

उत्तर : 'चिलीम' हा शब्द येथे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली चिलीम मातीची असते, ती उभी धरतात आणि बुडाशी ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, गुंडाळून दोन्ही हातांच्या ओंजळीतून ओढतात. शिवाय हुक्क्याच्या संदर्भात चिलीम म्हणजे केवळ वरचे, तंबाखू आणि निखारे ठेवण्याचे पात्र. किसेरू मात्र आडवी धरायची सडपातळ नळी असून तिच्या टोकाची वाटी इतकी लहान असते, की केसासारख्या बारीक चिरलेल्या तंबाखूची वाटाण्याएवढी गोळी तीत जेमतेम मावते आणि दोनतीन झुरक्यांत संपते. 'पाइप' म्हटल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे लाकडी, मोठ्या वाटीचा युरोपीय पाइप येईल. म्हणून मूळ शब्दच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी 'लांब नळी आणि धातूची टोके असलेले जपानी धूम्रपानाचे साधन' असा खुलासा करावा.

हा शब्द मुळात जपानीही नाही. कंबोडियातील ख्मेर भाषेतल्या नळीवाचक 'ख्सिएर' या शब्दापासून तो आला, अशी व्युत्पत्ती सामान्यतः दिली जाते. मधल्या बांबूच्या नळीला जपानीत 'राओ' म्हणतात आणि ते नाव लाओस देशावरून पडले, असे मानतात. तंबाखू जपानला पोचली ती सोळाव्या शतकात सुरू झालेल्या युरोपीयांच्या सागरी व्यापारातून, आणि तिचे 'ताबाको' हे जपानी नाव पोर्तुगिजांकडून आलेले आहे. इतका प्रवास केलेला शब्द मराठीत परका वाटण्याचे कारण नाही.

लेखनाबाबत सांगायचे, तर जपानी उच्चारात शेवटचा उकार ऱ्हस्व असला, तरी मराठीच्या लेखननियमांप्रमाणे अंत्य उकार दीर्घ लिहावा. म्हणजे 'किसेरू', 'किसेरूची', 'किसेरूला'. परभाषेतून आलेल्या नामाला आपण बहुधा जवळच्या मराठी शब्दाचे लिंग देतो, जसे गाडीवरून 'ती बस'. त्याच न्यायाने नळी, चिलीम आणि गुडगुडी हे शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे 'ती किसेरू' हेच स्वाभाविक वाटते.

भागांची नावे मात्र मराठीत द्यावीत, कारण कृती करणाऱ्याला तीच उपयोगी पडतील. जपानीत पुढच्या वाकड्या धातूच्या भागाला 'गांकुबी', म्हणजे हंसजातीच्या रानपक्ष्याची मान, म्हणतात. त्यावरच्या वाटीला 'हिझारा' आणि ओठांत धरण्याच्या टोकाला 'सुइकुची' म्हणतात. यांसाठी आणि मधल्या 'राओ'साठी मान, वाटी, दांडी आणि तोंड हे चार साधे शब्द पुरेसे आहेत. दोन्ही टोके धातूची आणि मधला भाग बांबूचा, या रचनेवरून जपानीत 'किसेरू' या शब्दाला एक लाक्षणिक अर्थही आला आहे: प्रवासाच्या आरंभी आणि शेवटी तेवढे तिकीट दाखवून मधल्या अंतराचे भाडे बुडवणे. 'काने' या जपानी शब्दाचे धातू आणि पैसा असे दोन्ही अर्थ होत असल्यामुळे हा वाक्प्रयोग फार नेमका बसला आहे. संपूर्ण धातूच्या किसेरूला 'नोबे' असे वेगळे नाव आहे. तुमच्या पुस्तिकेतील नळी आरपार पितळेची असेल, तर हा भेद नोंदवावा, कारण बांबू नसल्यास धातूतून उष्णता तोंडापर्यंत पोचते.

'भंगार' चुकीचा नाही, पण त्यात लोखंड, प्लास्टिक, पुठ्ठा असे सगळेच येते. भांड्यांच्या व्यवहारात जुन्या तांब्यापितळेला 'मोड' म्हणतात आणि मोड देऊन नवी भांडी घेतात. 'मोडीतील पितळ' म्हटले की अर्थ नेमका पोचतो.

पुरवणी प्रश्न : वाटी मानेला जोडण्याच्या क्रियेला 'झाळणे' म्हणावे की 'डाख देणे'?

उत्तर : दोन्ही शब्द रूढ आहेत, पण येथे एवढ्यावर थांबणे धोक्याचे ठरेल. कथिल आणि शिसे यांचा नेहमीचा मऊ डाख १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागतो आणि जळत्या तंबाखूची उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे वाटीजवळचा सांधा सुटेल आणि शिसे ओढणाऱ्याच्या पोटात जाण्याची भीती राहील. 'शिसे व कॅडमियम नसलेला चांदीचा डाख' असे संपूर्ण लिहावे. पत्रा जुन्या पातेल्याचा असेल, तर त्यावरची कल्हई, म्हणजे कथिल, २३२ अंशांना वितळते. ती आधी खरवडून काढण्याची सूचना हवी. नळाची जुनी पितळी तोटी घेऊ नये, कारण लेथवर सहज कापता यावे म्हणून अशा पितळेत बहुधा शिसे मिसळलेले असते. जस्ताचा मुलामा असलेली नळीही टाळावी, कारण तापवल्यावर तिचा धूर बाधतो. तुमच्या मूळ पुस्तिकेत या सूचना नसतील, तर भाषांतरकाराची टीप म्हणून त्या अवश्य जोडाव्यात.