शब्दचर्चा : ‘स्नॅप’ वैध केव्हा ठरतो?

प्रश्न

माझा पुतण्या न्यू जर्सीतील एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात सेंटरच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या मधल्या जागी खेळतो. गेल्या हंगामातील एका सामन्यात त्याने डाव सुरू करण्यासाठी चेंडू मागे दिला (यालाच ‘स्नॅप’ म्हणतात) आणि मागे उभ्या असलेल्या, डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकने तो घेऊन थेट गोल लाइन, म्हणजे गुण मिळवून देणारी रेषा गाठली. मात्र शिट्टी त्याआधीच वाजलेली होती. गुण तर मिळाले नाहीतच, वर संघाला पाच यार्ड मागे जावे लागले. हा प्रकार पुण्यातील आजोबांना मराठीत लिहून कळवताना मी अडलो. हायस्कूलच्या नियमपुस्तकात स्नॅपची व्याख्या चेंडू मागे देण्याची ‘लीगल’ कृती अशी आहे. येथे ‘कायदेशीर’ लिहावे, ‘नियमानुसार’ लिहावे की ‘वैध’? शिवाय स्नॅपला चपखल मराठी शब्द आहे का?

उत्तर

‘कायदेशीर’ हा शब्द मी टाळेन. मराठीत कायदा म्हटले की विधिमंडळ, पोलीस आणि न्यायालय डोळ्यांपुढे येते. खेळाला असतात ते नियम. ‘नियमानुसार’ अर्थाने बरोबर आहे, पण तो वाक्यात क्रियाविशेषणासारखा वागतो आणि व्याख्येत जे विशेषण हवे, त्याची जागा नीट भरत नाही. क्रिकेटच्या बातम्यांत ‘अवैध गोलंदाजी शैली’ हा प्रयोग आता रुळलेला आहे, त्यामुळे ‘वैध’ वाचकाला परका वाटणार नाही.

मात्र शब्द निवडला म्हणजे काम संपले असे होत नाही, कारण या व्याख्येतील ‘वैध’ हे साधे विशेषण नाही. अमेरिकेतील हायस्कूलच्या खेळांचे नियम करणाऱ्या एनएफएचएस या राष्ट्रीय महासंघाच्या नियमपुस्तकानुसार, जमिनीवर ठेवलेला चेंडू त्याच्या जागेवरून मागे फेकण्याची किंवा हाती देण्याची वैध कृती म्हणजे स्नॅप. म्हणजेच वैधता व्याख्येच्या पोटातच आहे. त्यामुळे ‘वैध स्नॅप’ म्हणणे ही द्विरुक्ती होते आणि ‘अवैध स्नॅप’ म्हणणे हा वदतोव्याघात. जी कृती वैध नाही ती स्नॅपच नाही. स्नॅप झाला नाही म्हणून चेंडू जिवंत झाला नाही, म्हणजे खेळात आला नाही, आणि चेंडू जिवंत झाला नाही म्हणून पुढची सारी धावाधाव खेळाच्या हिशेबात घडलीच नाही. आपल्या पुतण्याच्या संघाचे गुण काढून घेतले गेले, असे म्हणूनच लिहू नये. ते मिळालेलेच नव्हते. इंग्रजीतही जाणकार पंच ‘स्नॅप इन्फ्रॅक्शन’ म्हणतात, ते याच कारणाने. मराठीत मी ‘स्नॅपमधील नियमभंग’ असे लिहीन.

आजोबा क्रिकेट पाहत असतील, तर त्यांना नो-बॉलची उपमा मात्र देऊ नका. नो-बॉल चुकीचा असला तरी टाकलेला चेंडूच असतो. त्यावर फलंदाज फटका मारू शकतो आणि धावा धरल्या जातात. स्नॅपमधील नियमभंगावर काहीही धरले जात नाही. त्याहून जवळचा शब्द कायद्याच्या मराठीत सापडतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम ११ मध्ये ज्याला ‘शून्य विवाह’ म्हटले आहे, तो मोडावा लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो लागलेलाच नसतो. खेळासाठी ‘शून्य’ वापरा असे मी सुचवत नाही, पण अर्थाची जात तीच आहे.

आता कृती वैध कशाने होते ते पाहू. नियमातील कळीचे शब्द दोन आहेत, ‘जलद’ आणि ‘अखंड’. चेंडूची मागे जाणारी हालचाल वेगाने आणि एका ओघात व्हावी लागते, तिच्यातच चेंडू स्नॅपरच्या, म्हणजे तो मागे देणाऱ्याच्या हातातून सुटावा लागतो आणि आक्रमण करणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीतील कोणाला लागण्याआधी तो मागच्या फळीतील खेळाडूला किंवा जमिनीला लागावा लागतो. बहुतेक गडबड ‘अखंड’ या शब्दावर होते. स्नॅपरने चेंडूचे टोक गवतापासून बोटभर उचलले, क्षणभर तसेच धरले आणि मग मागे दिले, तर दोन्ही हालचाली वेगवान असूनही मधल्या त्या क्षणाने सारे बिघडते. हायस्कूलच्या सामन्यात बचावफळीच्या मागे उभा असलेला अंपायर नेमके हेच पाहत असतो. आपण लिहिलेल्या प्रसंगात असेच घडले असावे हा केवळ माझा तर्क, कारण चेंडूला हात लावल्यावर स्पष्टपणे न थांबणे आणि स्नॅपचा आभास होईल अशी हालचाल करणे, यांनाही पाच यार्डांचीच शिक्षा आहे.

याउलट, क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेलेला किंवा गवतावरून घरंगळत आलेला स्नॅप कितीही वाईट असला तरी वैधच असतो. तेथे चेंडू जिवंत असतो आणि तो ताब्यात घेण्यासाठी दोन्ही संघ झेपावतात. ‘वैध’ आणि ‘चांगला’ यांतला हा फरक मराठीत स्पष्ट राहिलाच पाहिजे. ‘चुकीचा स्नॅप’ असे मोघम लिहिले, तर कोणती चूक ते वाचकाला कळत नाही.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर

आभारी आहे. दोन शंका उरतात. चेंडू दोन्ही पायांमधूनच मागे द्यावा लागतो असे सगळे म्हणतात, पण मला व्याख्येत ते दिसले नाही. दुसरे असे की, सेंटर चेंडू हातात घेऊन फिरवताना मी पाहिले आहे. तीही हालचालच नव्हे काय?

उत्तर

पायांमधून देण्याची अट व्याख्येत नाही, म्हणून ती भाषांतरातही घालू नये. रूढी आणि नियम यांची सरमिसळ येथे फार होते. २०१० साली टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती येथे एका माध्यमिक शाळेच्या सामन्यात सेंटरने चेंडू खांद्यावरून मागे क्वार्टरबॅकच्या हाती दिला, क्वार्टरबॅक बेसावध प्रतिस्पर्ध्यांमधून शांतपणे चालत गेला आणि मग धावत सुटला. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली. टेक्सासमध्ये शालेय सामने कॉलेजच्या नियमांवर आधारून होतात, तरीही पायांमधून देण्याची सक्ती त्या नियमांतही नाही. अशा डावपेचात बोलून प्रतिपक्षाला फसवले का, हा खिलाडूवृत्तीच्या नियमांचा प्रश्न आहे आणि तो स्नॅपच्या व्याख्येपासून वेगळा ठेवावा.

चेंडू फिरवण्याला परवानगी आहे, पण एकाच प्रकारे. पोळपाटावर लाटणे जसे स्वतःभोवती फिरते, तसा तो लांब अक्षाभोवती फिरवून शिवण बोटांखाली आणता येते, त्यासाठी किंचित उचलताही येतो. त्याची टोके उलटी करता येत नाहीत, जागा बदलता येत नाही आणि लांब अक्ष स्क्रिमेजच्या रेषेशी, म्हणजे चेंडूपाशी दोन्ही संघांना विभागणाऱ्या आडव्या रेषेशी काटकोनातच ठेवावा लागतो. नियमात याला ‘अॅडजस्टमेंट’ म्हटले आहे. त्यासाठी ‘जुळवाजुळव’ ढोबळ वाटतो. ‘चेंडू नीट करून घेणे’ असे साधे लिहिले तर आजोबांना लगेच कळेल.

आणखी एक उत्तर

स्नॅपसाठी ‘टिचकी’ सुचवावासा वाटतो. इंग्रजीत ज्याला ‘स्नॅप बटन’ म्हणतात त्या टिचबटणाच्या नावात ‘टिच’ आहेच, आणि झटकन होणाऱ्या कृतीचा भाव त्यात येतो.

उत्तर

टिचबटणाचा दाखला सुंदर आहे, पण ‘टिचकी’ने कॅरमचा स्ट्रायकर डोळ्यांपुढे येतो. टिचकीने वस्तू समोर जाते, स्नॅपमध्ये मागे. तेथे बोटाचे टोक काम करते, येथे संपूर्ण हात. शिवाय या शब्दाचा इतिहासही हाताचा नाही. १८८० साली वॉल्टर कँप यांच्या पुढाकाराने रग्बीतील झोंबाझोंबीऐवजी चेंडू एका संघाच्या ताब्यात देऊन डाव सुरू करण्याची पद्धत आली, तेव्हा चेंडू पायाने मागे सरकवत असत आणि तरीही त्याला स्नॅपच म्हणत. म्हणून नाम ‘स्नॅप’ आणि क्रियापद ‘स्नॅप करणे’ तसेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘डाव सुरू करण्यासाठी चेंडू मागे देणे’ असा खुलासा जोडावा. ‘सेंटर’ आणि ‘स्नॅपर’ हेही एक मानू नयेत. सेंटर ही फळीतील जागा आहे. स्नॅपर म्हणजे त्या डावात चेंडू मागे देणारा, आणि पंटच्या (चेंडू हातातून सोडून लाथेने दूर मारण्याच्या) वेळी तो दुसराच खेळाडू असू शकतो. आजोबांच्या पत्रात मूळ वाक्य असे बसेल : ‘त्याने चेंडू मागे दिला, पण ती हालचाल अखंड नसल्याने पंचांनी स्नॅप झालाच नाही असे ठरवले, आणि चेंडू पाच यार्ड मागे नेऊन तोच डाउन (म्हणजे तोच डाव) पुन्हा खेळवला.’