पूरमैदान नदीला परत देण्याचं धोरण संवर्धन संस्थेनं ठरवावं का?

काठावरची

एका निसर्ग-संवर्धन संस्थेत मी पूरमैदानांचं, म्हणजे पूर आला की नदीचं पाणी जिथे पसरतं त्या काठच्या सपाट जमिनींचं, काम बघते. आमच्यात सध्या एका प्रश्नावरून सरळ दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, आपण जमिनी सांभाळाव्या, पाणथळी जपाव्या, पक्षी-मासे मोजावे आणि तेवढ्यावर थांबावं. पुराचं धोरण हे सरकारचं आणि अभियंत्यांचं काम. दुसरी बाजू म्हणते, बांध कुठे मागे घ्यायचा, म्हणजे नदीपासून लांब नेऊन बांधायचा, कुठे पाणी पसरू द्यायचं, कुठे नवीन बांधकाम होऊच द्यायचं नाही, हे ठरतं त्या टेबलाशी आपण बसलंच पाहिजे. नुसतं बसून भागायचं नाही, मसुदा आपण लिहायचा. मी दुसऱ्या बाजूची आहे, आणि आमचा कच्चा मसुदा तयारही आहे.

उदाहरण देते. जर्मनीत एल्ब नदीवर लेंझेन गावाजवळ नदी एकदम वळण घेते आणि दोन बांधांच्या मध्ये आवळली जाते. त्या वळणाला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘वाईट जागा’ असंच म्हणत आले. तिथे बांध काही ठिकाणी 1 किलोमीटरहून जास्त मागे नेला. जुना बांध पूर्ण पाडला नाही, 2009 पर्यंत त्याला सहा ठिकाणी मोठी खिंडारं पाडली आणि सुमारे 420 हेक्टर जमीन पुन्हा नदीच्या पाण्याखाली येऊ दिली. 2013 च्या मोठ्या पुरात त्या भागातली पाण्याची पातळी जवळजवळ अर्धा मीटर खाली राहिली. या कामात एका निसर्ग-संस्थेच्या संघटनेनं पहिल्यापासून पुढाकार घेतला होता. बांध मागे घेऊ असं म्हणणारं, आणि ते वर्षानुवर्षं लावून धरणारं कुणीतरी हवं होतं. पाच वर्षांनी बदलणाऱ्या सरकारकडून आणि एक टेंडर संपलं की दुसऱ्याकडे वळणाऱ्या खात्याकडून ती चिकाटी येत नाही, असं माझं मत आहे.

विरुद्ध मत असेल तर ते मनापासून ऐकायचं आहे.

बांधकरी

विरुद्ध मत आहे, आणि सौम्य करून सांगत नाही. 30 वर्षं पूरबांधांवर नोकरी केली.

पूर चढला की बांधाच्या कोरड्या बाजूला, पायथ्यापासून दहा-वीस पावलांवर, जमिनीतून पाणी उकळी फुटल्यासारखं वर येऊ लागतं. नदीचं पाणी बांधाच्या पोटाखालून वाट काढत असतं. नवखा माणूस त्यावर माती टाकून ते बुजवायला धावतो, आणि तीच मोठी चूक. ते बुजवायचं नसतं. त्याच्याभोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचायचं, आत पाणी चढू द्यायचं, म्हणजे वजनानं वजन तोललं जातं. मग रात्रभर तिथे कंदील घेऊन बसायचं आणि एवढंच बघायचं की वर येणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ. स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ झालं म्हणजे आतली माती वाहून चालली आणि बांधाखाली पोकळी होते आहे. तेव्हा गाव उठवायचं.

अशा किती रात्री काढल्या त्याचा हिशेब नाही. माझा प्रश्न साधा आहे. त्या रात्री तुमच्या संस्थेचा माणूस कुठे असतो? ज्याच्यावर फुटलेल्या बांधाची जबाबदारी येते, चौकशी ज्याची होते, धोरण त्यानं लिहावं. सल्ला द्या, अभ्यास द्या, जमीन विकत घेऊन द्या, सगळ्याला हो. सूत्रं मात्र मागू नका.

आणि निसर्गाची कळकळ असलेली संस्थाच हे करू शकते हेही खरं नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या वर चार्ल्स नदीच्या खोऱ्यात 1970 च्या दशकात धरण-बांध घालायचे की पाणथळी राखायच्या, असा प्रश्न आला. तिथल्या लष्करी अभियंता दलानंच हिशेब करून सांगितलं की पाणथळी राखणं स्वस्त पडतं, आणि सुमारे 8,000 एकर कायमच्या राखून टाकल्या. अभियंत्यांना नदी कळत नाही, हा समज सोडा.

काठावरची

बांधकरी साहेब, रात्रीचं जे लिहिलंत ते दोनदा वाचलं. त्या रात्री आमचा माणूस तिथे नसतो, हे खरं आहे. चार्ल्सचं उदाहरणही मान्य.

पण बांध राखणाऱ्यांच्या हाती सगळं सोपवल्यावर काय होतं, तेही बघू. 18 ऑगस्ट 2008 ला नेपाळमधल्या कुसहाजवळ कोसीचा बांध फुटला. बांध 9 लाख क्युसेकहून जास्त पाण्यासाठी बांधलेला आणि त्या दिवशी नदीला होतं सुमारे दीड लाख. बिहारमध्ये 30 लाखांहून अधिक लोकांना झळ बसली. देखभाल झाली नाही, हे तर आहेच. पण कोसी डोंगरातून प्रचंड गाळ आणते, आणि दोन बांधांत कोंडल्यावर तो गाळ मैदानावर पसरायचा थांबून पात्रातच बसतो. पात्र उंच होत जातं, नदी शेजारच्या जमिनीपेक्षा वरून वाहू लागते. अशा नदीचा बांध दरवर्षी आणखी धोक्याचा होत जातो. कितीही कंदील घेऊन बसलं तरी हे थांबत नाही. 1954 मध्ये बिहारमध्ये जेमतेम 160 किलोमीटर बांध होते, पुढे ते तीन हजार किलोमीटरच्या वर गेले, आणि पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टरांवरून 68 लाखांच्या पुढे गेलं.

दुसरी गोष्ट म्हणजे बांधामागची वस्ती. अमेरिकेत 1993 च्या मिसिसिपी-मिसुरी पुरात हजारावर बांध फुटले किंवा त्यांच्यावरून पाणी गेलं. व्हॅल्मेयर नावाचं साधारण 900 वस्तीचं गाव त्यानंतर आख्खं उठून टेकडीवर गेलं. त्याच पुरात बुडालेल्या सेंट लुईसजवळच्या चेस्टरफील्ड खोऱ्यात मात्र बांध आणखी उंच केला आणि त्यामागे मैलभर दुकानं, गोदामं उभी राहिली. पूर एकच होता. आता तो बांध जर कधी फुटला तर 1993 पेक्षा किती पटींनी नुकसान होईल? उंच बांधाच्या मागे लोक निर्धास्त होतात, आणि हा हिशेब बांध बांधणाऱ्या खात्याच्या वहीत कुठेच येत नाही. तो मांडायला बाहेरचं कुणीतरी लागतं.

कसदार

तुम्हा दोघांच्या भांडणात ज्याची जमीन आहे तो कुठे आहे?

तुम्ही ज्याला पूरमैदान म्हणता त्याला आम्ही मळई म्हणतो. गाळाची जमीन. घरातल्या सगळ्यात चांगल्या जमिनीवर तुम्ही निळी पेन्सिल फिरवणार. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला एका संस्थेनं पूर ओसरून महिना झाला नव्हता तेव्हा जमीन विकण्याबद्दल विचारलं. घरात चिखल होता. त्या अवस्थेत माणूस कुठल्याही भावाला हो म्हणतो. त्याला तुम्ही ‘स्वेच्छेनं विक्री’ म्हणणार?

आणि दहापैकी सहा जण गेले की उरलेल्या चौघांचं काय? रस्ता कोण दुरुस्त करणार, वीज कोण टिकवणार? नकाशावर ठिगळं दिसतात, पण आत राहणाऱ्याला रोज जगायचं असतं.

नेदरलँड्समध्ये ओव्हरडीप नावाच्या भागात सरकारनं नदीला जागा द्यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोड सुचवली. बांध थोडा खाली उतरवा, साधारण 25 वर्षांतून एकदा पाणी आत येऊ दे, पण आमची घरं आणि गोठे मातीच्या उंच टेकाडांवर बांधून द्या. अशी आठ टेकाडं झाली. सगळे राहिले नाहीत, काही जण दुसरीकडे गेले. पण कल्पना त्यांची होती. म्हणून म्हणतो, धोरण ना खात्यानं लिहावं ना संस्थेनं. आधी जमीनवाल्यानं लिहावं, मग तुम्ही दोघांनी ते तपासावं.

आकडेमोड

नदीच्या पाण्याची गणितं मांडणं हे माझं काम. दोन्ही बाजूंना अडचणीचं वाटेल असं थोडं सांगतो.

लेंझेनचा अर्धा मीटर खरा आहे, पण तो स्थानिक आहे. पात्राची अडचण मोकळी झाली म्हणून त्या वळणाशी आणि त्याच्या वरच्या अंगाला पातळी उतरली. एल्बच्या मोठ्या पुरापुढे 420 हेक्टरात मावणारं पाणी फार थोडं असतं, त्यामुळे खालच्या शहरांना फरक नगण्य. शिवाय उघडं पूरमैदान पूर चढायला लागला की लगेच भरायला लागतं. पुराचं शिखर, म्हणजे सगळ्यात उंच पातळी, येतं तेव्हा ते मैदान आधीच तुडुंब असतं. शिखर कापायचं असेल तर दार असलेली जागा लागते, म्हणजे नेमक्या वेळी पाणी आत सोडता येतं. निसर्गाला मात्र दार नको असतं, त्याला दरवर्षी थोडं थोडं पाणी हवं असतं. हे दोन हेतू वेगळे आहेत, आणि ‘पूरमैदान पुनरुज्जीवन’ या एका शब्दाखाली ते सर्रास एकत्र केले जातात.

दुसरं, झाडी. संस्थेला नदीकाठी जंगल हवं असतं. पण दाट झुडपं पुराच्या पाण्याला घासतात, वेग कमी होतो आणि पातळी वर चढते. नेदरलँड्सनं 2.3 अब्ज युरोंच्या आसपास खर्चून तीसहून अधिक ठिकाणी नद्यांना जागा दिली, आणि तिथेच पुढे पूरमैदानात वाढलेली झाडी काढून पाण्याची वाट मोकळी करायचा स्वतंत्र कार्यक्रम सरकारला हाती घ्यावा लागला. काठावरची ताई, थेट विचारतो. तुमच्या जागेतलं दहा वर्षांचं वाळुंजाचं बन पाणी अडवतंय असं माझ्या गणितानं दाखवलं, आणि त्यात एखाद्या दुर्मीळ पक्ष्याची घरटी असली, तर तुमची संस्था ते तोडायला संमती देईल? उत्तर डळमळीत असेल तर धोरणाची सूत्रं तुमच्याकडे नकोत.

काठावरची

या प्रश्नानं माझी रात्रीची झोप गेली. खरं उत्तर देते. आज, आमच्या संस्थेच्या आजच्या नियमांनी, आम्ही संमती देणार नाही. आमच्या घटनेत अधिवास आधी येतो. याचा अर्थ मी पहिल्या पोस्टमध्ये जे मागितलं ते जसंच्या तसं मागता येणार नाही.

यावर वाट निघू शकते असं मला अजून वाटतं. जागा ताब्यात घेण्याआधीच लिहून ठेवायचं की या पट्ट्यात जंगल, या पट्ट्यात फक्त चराईचं गवत, आणि पाण्याची वाट या रेषेत कायम मोकळी. गणितात झाडी पूर्ण वाढलेली धरायची, रोपं लावल्या दिवसाची नाही. मग दहा वर्षांनी भांडण उरत नाही, कारण पक्ष्यानं घरटं कुठे करावं हे नाही तरी झाडी कुठे वाढू द्यायची हे आपल्या हातात असतं.

कसदार, चिखलातल्या विक्रीबद्दल तुमचं बरोबर आहे. भाव पूर येण्याआधीच्या मूल्यानं आणि पूर नसलेल्या काळात ठरायला हवा. आणि जमीन दर वेळी विकत घ्यायलाच हवी असंही नाही. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ योलो बायपास म्हणून सुमारे 59,000 एकरांचा पट्टा आहे. मोठ्या पुरात तो मुख्य पात्रापेक्षा कितीतरी जास्त पाणी वाहून नेतो, म्हणून शहर वाचतं. बरीचशी जमीन आजही शेतकऱ्यांची आहे. सरकारकडे फक्त तिच्यावर पाणी सोडण्याचा कायमचा हक्क आहे. उन्हाळ्यात तिथे भात पिकतो, हिवाळ्यात पाणी येतं. त्या उथळ, उबदार पाण्यात सॅमनची पिल्लं पात्रातल्यांपेक्षा झपाट्यानं वाढतात, हे मोजून बघितलेलं आहे. एकाच जमिनीवर पीक, पूर आणि मासे.

उंबरठा

पुनर्वसनाचं काम करते, म्हणून एकच भर. या सगळ्या चर्चेत जमीन मालकीची धरली आहे. पूरमैदानात सगळ्यात खाली बहुतेकदा भाडेकरू, मजूर, कागद नसलेली माणसं राहतात, कारण तीच जागा त्यांना परवडते. शेतकऱ्याला भाव मिळेल, हक्काचे पैसे मिळतील. भाड्यानं राहणाऱ्याला नोटीस मिळते. त्यांच्यासाठी मसुद्यात काय आहे?

काठावरची

आत्ता त्यात काहीच नाही. फक्त ‘बाधित कुटुंबं’ असा शब्द आहे आणि त्याची व्याख्या मालकीवर आहे. ती बदलावी लागेल.

बांधकरी

ताई, तुम्ही सरळ बोलता म्हणून पुन्हा लिहितो.

मिसुरी नदीवर 2019 च्या पुरानंतर अ‍ॅचिसन काउंटीत साधारण पाच मैल बांध मागे घेतला, हजारावर एकर नदीला दिले. तिथे शेतकऱ्यांचं बांध-मंडळ, लष्करी अभियंता दल आणि ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ ही संस्था, तिघं एका टेबलाशी होते. मला हे चित्र पटतं, कारण बांध शेवटी बांध-मंडळाच्याच हाती राहिला. संस्थेनं गाडी पुढे ढकलली, पण चाक धरलं नाही.

माझी भीती पैशाची आहे. संस्थांना पैसे प्रकल्पाचे मिळतात, तीन वर्षांचे, चार वर्षांचे. फीत कापतात, फोटो निघतो. मागे नेलेला बांधही बांधच असतो. त्यालाही उंदीर-घुशी पोखरतात, त्यावरही झाड रुजतं आणि मुळं आत जातात, त्याचं गवत दरवर्षी कापावं लागतं, नाही तर भेग दिसत नाही. हे पन्नास वर्षं करायचं असतं आणि त्याला कुणी देणगी देत नाही. तुम्ही कोसीची देखभाल काढलीत, बरोबर काढलीत. मग तुमच्या मसुद्यात देखभाल कुठे आहे?

काठावरची

परिशिष्ट तीनमध्ये. दीड पान.

मत पूर्ण बदललेलं नाही. टेबलाशी आम्ही असायलाच हवं, आणि बांध मागे घ्यायचा विषय आम्हीच काढत राहायला हवा, कारण दुसरं कुणी काढत नाही. पण ‘मसुदा आपण लिहायचा’ हे वाक्य मागे घेते. जमीनवाले आणि भाडेकरू यांच्याशी पूर नसलेल्या काळात बसून त्यांचा मसुदा आधी, मग आकडेमोड यांच्यासारख्या कुणाकडून झाडीसकट गणित, मग आम्ही. झाडीचा पट्टा पाण्याच्या वाटेत आला तर तोडायची संमती आधीच लेखी. संस्थेत यावरून मोठं भांडण होणार आहे, त्याची तयारी ठेवते.

कसदार

पूर नसलेल्या काळात बसणार असाल तर मी येतो. नकाशा आणा, पण कोरा आणा. निळं आम्ही रंगवू.

बांधकरी

देखभालीचं कलम पहिल्या पानावर घ्या, परिशिष्टात नको. दरवर्षी गवत कोण कापणार आणि पैसे कोण देणार, नावानिशी. मग मसुदा मला पाठवा, वाचतो.