गच्चीवरची टाकी बॅटरी म्हणून वापरता येईल का?

रानवारा:
गच्चीवर १००० लिटरची टाकी आहे, जमिनीपासून १० मीटर उंच. दुपारी सोलरची वीज उरते. तिच्यावर पाणी वर चढवायचं आणि रात्री तेच खाली सोडून छोटं टर्बाइन फिरवायचं. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात हेच करतात ना? मग इन्व्हर्टरच्या बॅटरीचा खर्च वाचेल का?

सांडवा:
नाही वाचणार. गणित मांडून बघा: १००० किलो × ९.८ × १० मीटर = ९८,००० जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. भरलेल्या टाकीत जेमतेम ०.०२७ युनिट! छोट्या टर्बाइनमधून त्यातली निम्मी हाती आली, तर ९ वॉटचा एक एलईडी दीड तास चालेल. पंपात जाणारी वीज वेगळीच.

घाटघरला जमतं ते उंचीमुळे आणि अफाट पाण्यामुळे. वरचा तलाव प्रवरेच्या खोऱ्यात, खालचा कोकणाच्या बाजूला, मध्ये सह्याद्रीचा चारशे मीटरचा कडा. १२५ मेगावॉटचे दोन टर्बाइन-संच आहेत. तेच उलटे फिरवले की पंप होतात.

किलोवॉट:
१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या ट्युब्युलर (इन्व्हर्टरच्या) बॅटरीत १.८ युनिट मावतात. टिकवायची तर निम्मेच वापरा. तेवढ्या ०.९ युनिटसाठीही अशा ३३ टाक्या लागतील, तेही वीज अजिबात वाया जात नाही असं धरून. उतरलेली बॅटरी मात्र तशीच पडू देऊ नका, प्लेटांवर सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि गेलेली क्षमता परत येत नाही.

रानवारा:
आणि सुपरकपॅसिटर, म्हणजे झटपट चार्ज होणारा मोठा कपॅसिटर?

किलोवॉट:
३००० फॅरड, २.७ व्होल्टचा मोठा सेल घेतला तरी ११,००० जूल, म्हणजे ३ वॉट-तास. क्षणभर जोरदार करंट हवा तिथे तो उत्तम, रात्रभराच्या दिव्याला नाही. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडताना सगळ्या सेलवरचं व्होल्टेज सारखं ठेवणारं बॅलन्सिंग सर्किट हवंच. नाहीतर एखाद्या सेलवर २.७ च्या वर व्होल्टेज जातं, आत वायू होतो आणि सेल फुगतो.

सांडवा:
उरलेली वीज उष्णतेत साठवा की! पाणी एक अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच ते ४२७ मीटर उचलायला लागते. जवळजवळ घाटघरचा कडाच. २५ लिटरचा गीझर २५ वरून ६० अंशांवर नेला की एक युनिट साठलं. त्याची परत वीज करणं परवडत नाही, पण संध्याकाळच्या आंघोळीला उष्णताच हवी असते. टायमर बारा ते एकच्या मध्ये लावा. गीझर २ किलोवॉटचा असून सोलर तेव्हा १.२ च देत असेल, तर बाकीचे ०.८ ग्रिडमधूनच, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनमधूनच ओढले जातील.