सायकल शर्यतीतल्या 'लीड-आउट'ला मराठीत काय म्हणाल?

अनुस्वार
एका क्रीडा पुरवणीसाठी लेख करतेय. टूर द फ्रान्समध्ये सपाट टप्पा असला की जाणकार आदल्या रात्री अंदाज कसे बांधतात आणि तिकडचे बुकी भाव कसे काढतात, असा विषय आहे. उदाहरणाला २०२५चा नववा टप्पा घेतलाय, शिनों ते शातोरू. १७४ किलोमीटर, वाटेत नाव घेण्यासारखा चढ नाही. शातोरूत ब्रिटनचा स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश २००८, २०११ आणि २०२१ असा तीनदा जिंकलेला, त्यामुळे सगळ्यांनी डोळे मिटून लिहिलं होतं की शेवट घोळक्यातूनच होणार आणि सामना टिम मर्लियर विरुद्ध जोनाथन मिलान, या दोन स्प्रिंटरांत.

घोडं अडलंय ते एका वाक्यापाशी. यास्पर फिलिप्सन तिसऱ्याच टप्प्यात पडून घरी गेला होता, त्यामुळे त्याचा 'लीड-आउट मॅन' मॅथ्यू व्हॅन डर पूल मोकळा होता. तर हा 'लीड-आउट मॅन' मराठीत कसा आणायचा? शेवटच्या किलोमीटरमध्ये आपल्या गड्याला मागे घेऊन वारा स्वतः खातो, वेग चढवत नेतो आणि दोनशे-अडीचशे मीटर उरले की बाजूला होतो, तो. मी 'आघाडीवीर' लिहिलं होतं. संपादक म्हणाले, निवडणूक वार्तापत्र वाटतंय.

आणखी दोन: 'बंच स्प्रिंट' (अख्खा घोळका एकदम रेषेकडे सुटतो ती शेवटची चढाओढ) आणि 'ऑड्स' (लावलेल्या पैशावर बुकी किती देणार तो आकडा).

गिरणगावकर
सरळ 'पुढारी' लिहा की. पुढे असतो तो पुढारी.

कांदेपोहे
@गिरणगावकर, नीट वाचा हो. तो शेवटी *बाजूला होतो*, असं लिहिलंय त्यांनी.

शीवचा सायकलवाला
आम्ही रविवारी पहाटे पाम बीच रोडला जातो. तिथे शब्दांचा प्रश्नच येत नाही. 'मी खेचतो, तू चिकट.' झालं. पुढचा खेचतो, मागचा चिकटतो. नुसताच चिकटून राहतो आणि पुढे यायचं नाव घेत नाही त्याला 'चिकटू'. म्हणून 'खेच्या' हा माझा शब्द. ऐकायला गावठी आहे, पण काम बरोबर सांगतो.

अंदाजाबद्दल थोडं, कारण तुमच्या लेखात ते यायला हवं. सपाट टप्पा म्हणजे सगळ्यात वेगवान माणूस जिंकणार, असं नसतं. शेवटचं वळण रेषेपासून किती मीटरवर आहे, रस्ता कुठे अरुंद होतो, चौकातले गोल किती आणि वारा कुठून, हे आधी बघतात. वारा समोरून असेल तर आधी सुटणारा मरतो, मागून उशिरा येणाऱ्याचं फावतं. वारा पाठीशी असेल तर लवकर सुटलेला सापडत नाही. वारा बाजूने असेल तर घोळक्याचे तुकडेच पडतात, मग तुमचा मर्लियर मागच्या तुकड्यात अडकला तर बसा बोंबलत. आणि सुरुवातीला पळालेले दोघे-चौघे सापडणार का, त्यालाही आडाखा आहे. फ्रेंच समालोचक रोबेर शापात याचा नियम सांगायचे: एकटा पुढे असेल तर घोळका दर दहा किलोमीटरला एक मिनिट खातो.

अनुस्वार
हो, त्या दिवशीची गंमत तीच. ज्याच्यासाठी खेचायचं तोच नाही म्हटल्यावर व्हॅन डर पूल आणि त्याच्याच संघातला योनास रिकार्ट सुरुवातीलाच पळाले. रिकार्ट शेवटी गळला, पण व्हॅन डर पूल रेषेच्या जेमतेम सातशे मीटर अलीकडे सापडला. मग मर्लियर पहिला, मिलान दुसरा. म्हणजे अंदाज खरा ठरला, पण बुकींचा घाम काढून. म्हणूनच तो शब्द मला चपखल हवाय, सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

घाटावरचा
मूळ जुन्नरचा, आता घाटकोपर. आमच्या बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळते. स्वार घोडीवर, मागून बैल. घोडी वेग लावून देते, बैल तिच्यामागे येतात. निशाणापर्यंत पोचल्याचं कौतुक बैलांचं आणि मालकाचं. लीड-आउट याहून वेगळं काय आहे? शब्द तयार आहे: घोडी.

कांदेपोहे
२०२३चा जगज्जेता व्हॅन डर पूल, आणि मराठी पुरवणीत छापून येणार 'फिलिप्सनची घोडी'.

घाटावरचा
त्यात कमीपणा कसला? चांगल्या घोडीला गावात काय मान असतो तो बघायला या एकदा. आणि तुमच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तेव्हा कोणाला हसू येत नाही. आमच्या बैलगाड्यालाही 'घाटाचा राजा' असतो. फ्रान्समध्ये डोंगरावरच्या गुणांसाठी ठिपक्यांची जर्सी देतात, त्याला हा शब्द फुकटात बसतो. गावचा शब्द चालतो तर पुरता चालवा.

मोडीवाचक
चर्चा चांगली आहे, पण पाया कच्चा. 'टप्पा' कशाला? चेंडूचा टप्पा, गाण्यातला टप्पा, गप्पाटप्पा. आपल्याकडे 'मजल' हा नेमका शब्द आहे. अरबी 'मंझिल'वरून आलेला, एका दिवसाच्या प्रवासाचं अंतर. मजल दरमजल करत फौजा जायच्या त्या याच मजला. टूरमध्ये एकवीस दिवस एकवीस मजला. 'सपाट मजल' लिहा.

गिरणगावकर
मोडीवाचक काका, 'सपाट मजल' वाचून मुंबईचा माणूस विचारेल, कितवा मजला, लिफ्ट आहे का.

मोडीवाचक
मुंबईच्या माणसाला कळावं म्हणून भाषा कापत बसलो तर 'रेस', 'स्टेज', 'फिनिश' एवढंच उरेल. 'शर्यत' तरी राहू द्या. ऐका, सांगतो: शर्यत म्हणजे मुळात शर्त, अट. अटीवर पैज लागायची, पैजेपायी पळायचे, आणि कालांतराने त्या पळण्यालाच शर्यत म्हणू लागले. 'शर्थ केली'मधली शर्थही तीच. तेव्हा ताईंचा जो 'बेटिंग' आहे तो आपल्या शब्दाच्या पोटातच आहे, वेगळा शब्द लागतच नाही.

कांदेपोहे
पोटात असेल, पण आज 'मी शर्यत लावली' म्हटलं तर लोक बूट घालून उभे राहतील. 'पैज' लिहा.

मोडीवाचक
पैज 'प्रतिज्ञा'वरून. तिच्यात शब्द पणाला लागतो, पैसा नव्हे. बुकीकडे कोणी प्रतिज्ञा करत नाही.

विन-प्लेस
आता माझ्या गल्लीत आलात. मामाचं बोट धरून महालक्ष्मीला गेलेला मी मुलगा. तिथे 'ऑड्स' कोणी म्हणत नव्हतं. 'भाव काय?' 'भाव पडला.' 'फेव्हरिट', 'प्लेस', 'पंटर'. तेव्हा ऑड्सला भाव, दुसरा विचारही करू नका.

पण ताई, एक जागा सांभाळा. तुमच्या युरोपियन मजकुरात भाव दशांशात असणार, समजा २.५०. त्याचं 'एकास अडीच' करू नका. त्या अडीचात तुमचा लावलेला रुपयाही परत धरलेला असतो. आपल्या घोड्यांच्या भाषेत तो 'तीन-दोन', म्हणजे दोन लावले तर वर तीन. एकास दीड. आणि २.५०चा अर्थ बुकीच्या मते शक्यता चाळीस टक्के. म्हणजे 'फेव्हरिट' असूनही तो हरण्याचीच शक्यता जास्त. मराठी बातमीत मात्र 'फेव्हरिट'चं लगेच 'विजय निश्चित' होतं. सगळ्या सायकलपटूंचे असे टक्के मांडून बेरीज केलीत तर शंभराच्या वर जाते. वरचा तो भाग बुकीचा.

गिरणगावकर
आणि क्रिकेटवाल्यांची 'लगाई-खाई'? फेव्हरिटच्या बाजूने लावलं तर लगाई, विरुद्ध घेतलं तर खाई. 'भाव खातो' हा वाक्प्रचार तिथूनच आलाय, माझी खात्री आहे.

मोडीवाचक
खात्री ही व्युत्पत्ती नव्हे.

बदलापूर लोकल
मुळात हे छापायचं का? २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यांच्या जाहिरातीही. संपादक भाव छापू देणार आहेत का?

अनुस्वार
भाव कसा ठरतो एवढंच सांगायचंय, कुठे लावा ते नाही. आकडे कुठल्याच कंपनीचे देत नाही, विन-प्लेस यांच्यासारखं 'समजा' म्हणूनच लिहीन. 'भाव' पक्का, आभार. 'बंच स्प्रिंट' आणि लीड-आउट अजून लटकलेले आहेत.

शीवचा सायकलवाला
बंच स्प्रिंटला 'घोळक्याची मुसंडी'. 'धाव' नको, क्रिकेटचा वास येतो आणि सायकलवर कोणी धावत नाही. मुसंडीत डोकं खाली घालून घुसणं आहे. २०१०च्या टूरमध्ये कॅव्हेंडिशचा लीड-आउट मार्क रेन्शॉ याने खरोखरच डोक्याने ढुसण्या दिल्या होत्या ज्युलियन डीनला, आणि शर्यतीबाहेर गेला. टप्पा कॅव्हेंडिशच जिंकला.

फणसवाडी
'घोळका' पण मिळमिळीत आहे. ते लोक 'पेलोटोन' म्हणतात ना? आपल्याकडे त्याला सख्खा नाही तरी चुलत शब्द आहे: पलटण! फ्रेंच पेलोटोनवरून इंग्रजी प्लटून, त्यावरून पलटण. शब्द दोनशेहून जास्त वर्षं घरात आहे आणि आपण 'घोळका' लिहितोय.

मोडीवाचक
पलटण 'बटालियन'वरून. कंपनी सरकारच्या देशी पायदळाची बटालियन ती पलटण.

फणसवाडी
जुन्या अँग्लो-इंडियन कोशात बटालियनबरोबर प्लटून-पेलोटोनची सरमिसळ झाली असावी, असंही म्हटलंय. म्हणजे अर्धा मी बरोबर.

मोडीवाचक
'असावी' म्हणजे अर्धा नव्हे. आणि मंझिलची मजल नको पण पेलोटोनची पलटण हवी, हा कुठला न्याय? तुम्हाला शब्द फ्रान्समार्गे आला की चालतो.

गिरणगावकर
मुद्दा व्युत्पत्तीचा नाहीच. पलटण म्हटलं की कबड्डीवाल्यांना पुणेरी पलटण दिसते. मुंबईच्या पेपरात पुण्याची जाहिरात?

कांदेपोहे
मुंबई इंडियन्सचे चाहते स्वतःला काय म्हणवतात, गिरणगावकर? पलटणच.

गिरणगावकर
ते मार्केटिंगवाल्यांनी ठेवलेलं नाव. वानखेडेच्या नॉर्थ स्टँडमध्ये बसून मी जन्मात स्वतःला पलटण म्हटलेलं नाही.

फणसवाडी
अर्थाने बघा. घोळक्यात शिस्त नसते. सपाट टप्प्यावर शेवटच्या दहा किलोमीटरला प्रत्येक संघ आपापली रांग लावून पुढे येतो, कोणी कधी बाजूला व्हायचं ते ठरलेलं असतं. ही पलटणच आहे.

शीवचा सायकलवाला
रांग संघाची असते हो, अख्ख्या दीडशे जणांची नाही. शेवटी तर सगळ्या रांगा एकमेकांत घुसतात. म्हणून तर शेवटच्या तीन किलोमीटरात पडलात तर सोबतच्या गटाचीच वेळ देतात, अलीकडे काही टप्प्यांना पाच किलोमीटरही. पलटणीला असली सवलत लागत नाही.

घाटावरचा
घोडीचं काय झालं?

विन-प्लेस
घोडी राहू द्या, मला एक खटकतंय. २०१७च्या टूरमध्ये नुई-सें-जॉर्ज इथे मार्सेल किटेलने एडवाल्ड बोआसन हागेनला सहा मिलिमीटरने हरवलं. त्याला मराठी पेपरवाले काय लिहितात? 'निसटता विजय'. निसटला तो बोआसन हागेनचा! किटेलच्या हातात तर आला. घोड्यांत कसं 'शॉर्ट हेड' (डोक्याहून कमी), 'नेक' (मानेएवढं) म्हटलं की अंतर डोळ्यांपुढे उभं राहतं.

मोडीवाचक
'निसटता' म्हणजे निसटता निसटता राहिलेला. वर्तमानकालवाचक कृदंत आहे, चूक काहीच नाही. निसटलेला विजय वेगळा, निसटता विजय वेगळा.

कांदेपोहे
मग 'निसटता पराभव' म्हणजे काय? हरता हरता वाचला की हरलाच? दोन्ही अर्थांनी वाचलंय मी.

मोडीवाचक
'निसटता पराभव' मराठी नाहीच.

विन-प्लेस
काका, कालच्याच पेपरात आहे. पान बारा, तळाला.