बी विंग ग्रुप, नेरूळ : बाबांच्या खोलीत एसी किती वर ठेवू?

बी-703 : नमस्कार. काल दुपारी बाबांना (वय 82) भोवळ आली. आता बरे आहेत, अंगात पाणी कमी पडलं म्हणाले डॉक्टर. आमच्या डोक्यावर गच्ची, रात्री अकरालाही खोलीत वरून झळ येते. एसी लावला की बाबा "गुडघे धरतात" म्हणून बंद करतात, बंद केला की आई घामाघूम. तुमच्याकडे ज्येष्ठांच्या खोलीत किती वर ठेवता?

बी-201 : आमच्याकडे 20. सासूबाई शाल घेऊन झोपतात.

बी-404 : 20 फार कमी होतं हो. शाल घ्यावी लागते म्हणजे त्यांना गारठतंय. 2020 पासूनचे नवे एसी सुरू केले की आपोआप 24 वर लागतात, आम्ही त्याच्याही वर ठेवतो. एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोच सांगतो.

बी-602 : आम्ही इथे राहायला आलो तेव्हा कुणाकडे एसी नव्हता. खिडक्या उघड्या, पंखा पाचावर. मी 76 वर्षांचा आहे, मला काही होत नाही.

बी-503 : काका, राग मानू नका, पण इतकी वर्षं नर्सची नोकरी केली, "मला काही होत नाही" यावर मी कधीच विसंबत नाही. वय वाढलं की घाम कमी येतो, तहान लागलेली कळत नाही. शरीर तापलेलं असतं आणि माणूस म्हणतो बरा आहे. त्यात आपली हवा दमट, जो घाम येतो तोही वाळत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरला उन्हात बसून 14 माणसं गेली, तेव्हा पारा चाळीसलाही पोचला नव्हता.

703, बाबांना थंडी वाजते हा हट्ट नाही गं. म्हाताऱ्या शरीराला गारठाही सोसत नाही. झोत अंगावर येऊ देऊ नकोस, पट्ट्या वर छताकडे कर, पायात मोजे घाल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की एसी 27 वर ठेवा आणि जोडीला पंखा लावा, खोली सुमारे 4 अंशांनी गार वाटते. साठीच्या पुढच्यांची खोली दिवसा 32 च्या खाली आणि रात्री 24 च्या खाली असावी, असंही त्यांचं म्हणणं. मे महिन्यात इथे पहाटेसुद्धा बाहेर 27-28 असतं, त्यामुळे रात्रीचं गणित अवघड आहे. दिवसाचे 32 मात्र सोडू नकोस.

आणि रिमोटवरचा आकडा म्हणजे बाबांच्या उशाशी असलेलं तापमान नव्हे. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते पलंगाजवळ ठेव. पश्चिमेच्या भिंतीला टांगू नकोस, ती भिंत तापते. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे का? असेल तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचार. स्वतःहून बंद करू नकोस.

बी-703 : हो ताई, तीच गोळी आहे. सकाळीच फोन करते.

सेक्रेटरी : गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यायचा विषय पुढच्या सभेत घेतो. शेवटच्या मजल्याला फरक पडेल.

बी-201 : खर्च सगळ्यांवर का?

बी-404 : गच्ची सगळ्यांची आहे म्हणून. सभेत बोलू.

(दुसऱ्या दिवशी)

बी-703 : यंत्र आणलं. दुपारी तीनला एसी बंद, खिडक्या उघड्या : उशाशी 34, आर्द्रता 61. आणि बाबा म्हणत होते "छान वारा आहे". मला रडूच आलं, इतके दिवस आम्ही त्यांच्या "छान"वरच चाललो होतो. पडदे ओढले, एसी 27, पंखा दोनवर, पट्ट्या वर. तासाभरात 28. गुडघ्यांची तक्रार नाही, अडीच तास गाढ झोपले. गोळीबद्दल डॉक्टरांनी उद्या बोलावलंय.

बी-503 : उठल्यावर पाणी दे. मागतील म्हणून थांबू नकोस.

बी-703 : दिलं ताई, ताकही दिलं.

बी-602 : ते यंत्र कुठे मिळालं? हिला चार दिवस रात्री झोप नाही. मी म्हणत होतो वयामुळे असेल.

बी-703 : काका, आत्ताच हे घेऊन खाली येते. रात्रभर काकूंच्या उशाशी ठेवा.