गूगल असताना माहिती शोधायला लायब्ररीत कोण जातं?

रिकामटेकडा_किडा

मधमाश्या पाळायचं खूळ डोक्यात शिरलंय. पेट्या आणल्या, सगळं छान चाललं होतं, आता एका पेटीत मेणकिडा लागलाय, चौकटींवर सगळीकडे जाळीच जाळी. नेटवर शोधलं तर पानंच्या पानं तेच ते. एकाने लिहिलं ते दुसऱ्याने उचललं, तिसऱ्याने व्हिडिओत वाचून दाखवलं आणि शेवटी सगळ्यांना आपापली पावडर विकायची आहे. एआयला विचारलं तर त्याने झकासपैकी मुद्दे काढून दिले, वर पुस्तकांची नावंपण दिली लेखकासकट, ती पुस्तकं कुठल्याच दुकानात नाहीत, कुठल्याच यादीत नाहीत. रिसर्च पेपर म्हणावेत तर सारांश फुकट आणि पुढचं वाचायचं तर पैसे भरा.

हे सगळं मित्राला सांगितलं तर म्हणतो, लायब्ररीत जाऊन विचार की. मला हसूच आलं. लायब्ररी म्हणजे कादंबऱ्या आणि पंख्याखाली पेपर वाचत बसलेले आजोबा, एवढंच माझ्या डोक्यात आहे. तर सिरियसली विचारतोय, हल्ली कोणी काही *शोधायला* म्हणून सार्वजनिक लायब्ररीत जातं का? आणि गेलं तर तिथला माणूस असं काय करतो जे मला घरबसल्या करता येत नाही?

---

कपाट_चौथं

मी याच कामात आहे, संदर्भ विभागात बसते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही काय करतो तर आधी तुमचा प्रश्न सोडवायचा सोडून तुम्हालाच प्रश्न विचारतो. लोकांना याचा राग येतो कधीकधी. पण काउंटरवर येऊन माणूस पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला खरं हवं असतं असं फार कमी वेळा होतं. कोणी म्हणतं "मधमाश्यांवर काही आहे का", मी कपाट दाखवलं की माझं काम संपलं आणि तो माणूस तासाभराने हात हलवत घरी. ग्रंथपालाने वाचकाशी असं बोलून त्याची नेमकी गरज काढून घ्यावी हे सॅम्युअल ग्रीन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली लिहून ठेवलंय, म्हणजे हे काही इंटरनेटला उत्तर म्हणून काढलेलं खूळ नाही.

तुमचंच घ्या. मी विचारलं असतं, कीड चालू पेटीत आहे की काढून ठेवलेल्या रिकाम्या चौकटींत? कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत. वसाहत दणकट असेल तर माश्या स्वतःच अळ्या उचलून बाहेर फेकतात, मेणकिडा सहसा कमजोर वसाहतीतच हातपाय पसरतो. म्हणजे चालू पेटी असेल तर तुमचा खरा प्रश्न "मेणकिडा कसा मारू" हा नाहीच, "माझी वसाहत कमजोर का झाली" हा आहे, राणी गेली का, खायला कमी पडलं का, दुसरा काही रोग आहे का. हा प्रश्न तुम्ही गूगलला विचारलाच नव्हता, मग तो त्याचं उत्तर कुठून देणार.

दुसरं म्हणजे नाव. मेणकिड्याचं शास्त्रीय नाव गॅलेरिया मेलोनेला, त्याचा धाकटा भाऊ अक्रोइया ग्रिसेला. हे नाव टाकून शोधा, पावडरवाले निम्म्याहून जास्त गळून पडतील, कारण विकणारे लोक ते नाव वापरत नाहीत आणि अभ्यास करणारे त्याच्याशिवाय लिहीत नाहीत.

तिसरं, कपाटं. ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे पुस्तकांना विषयवार नंबर द्यायच्या पद्धतीत (तीही १८७६चीच), मधमाश्यापालन ६३८.१ला बसतं, शेतीच्या रांगेत, शेजारी ६३८.२ला रेशीमकिडे. पण मधमाशी हा कीटक म्हणून ज्याने लिहिलंय ते पुस्तक ५९५.७ला, प्राणिशास्त्रात, थेट दुसऱ्या टोकाला. नुसता एका कपाटासमोर उभा राहणारा माणूस अर्ध्या पुस्तकांना मुकतो. हे माहीत असणं हाच आमचा धंदा.

---

सरळसोट

वाचायला छान आहे हो ताई, पण तुमच्यासारखं माणूस प्रत्येक लायब्ररीत बसलेलं असतं का? माझ्या जवळच्या लायब्ररीत कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर आहे आणि ते कधी निघालेलं मी बघितलं नाही. काउंटरवर विचारलं तर मान वर न करता "तिकडे बघा". तिकडे म्हणजे कुठे ते आपण ओळखायचं. आणि उघडी कधी, तर मी ऑफिसात असतो तेव्हा.

धागाकर्ते, तुम्हाला पेपर हवेत ना, मग लायब्ररी वगैरे सोडा. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली "सगळ्या आवृत्त्या" अशी लिंक असते ती उघडा, पुष्कळदा त्यातली एखादी विद्यापीठाच्या साइटवर फुकट असते. ब्राउझरला अनपेवॉल जोडा, फुकट प्रत कायदेशीर कुठे असेल तर तो बाजूला हिरवं कुलूप दाखवतो. तेही नाही जमलं तर लेखकाला सरळ मेल टाका की पेपर पाठवता का, बरेच जण खुशीने पाठवतात, आपलं कोणीतरी वाचतंय याचाच त्यांना आनंद. पेपरचे पैसे तसेही लेखकाला मिळत नाहीत, प्रकाशकाला मिळतात.

---

रद्दी_राणी

सरळसोट, पेपरपुरतं बरोबर. पण नेटवर नाहीच अशा गोष्टींचं काय करणार? मी जुन्या वर्तमानपत्रांत शोधाशोध करते, छंद म्हणा. लोकांना वाटतं आता सगळं स्कॅन झालंय, शब्द टाकला की बातमी हजर. स्कॅन झालेलं असतं हो, पण यंत्राने ते वाचलेलं असतं आणि काय वाचलेलं असतं ते त्यालाच माहीत. झिजलेला टाइप, फुटलेली वेलांटी, दुमडलेला कागद, जोडाक्षराचा तर पार भुगा. मग तुम्ही बरोबर शब्द टाकता आणि उत्तर येतं "काही सापडलं नाही". माणूस समजतो बातमी छापूनच आली नव्हती.

मला लायब्ररीतल्या एका काकांनी शिकवलं की अशा वेळी शब्द शोधायचाच नाही, तारीख धरायची. घटना कधीची ते दुसरीकडून पक्कं करायचं आणि त्या तारखेपासून पुढचे अंक पान पान बघायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात नसेल तर सोडून द्यायचं नाही, कारण त्या काळी बातमी पोचायलाच वेळ लागायचा. शिवाय बऱ्याच ठिकाणी कोणीतरी हाताने केलेल्या सूच्या पडून असतात, वह्याच्या वह्या किंवा कार्डं, त्या नेटवर कधीच येणार नाहीत, आणि त्या आहेत हेच मुळी त्या काउंटरमागच्या माणसाला सोडून कोणाला ठाऊक नसतं.

अवांतर: वेबसाइटी मरतात त्याबद्दलपण कोणी बोलत नाही. लिंक जपून ठेवलेली, उघडायला गेलं तर पान गायब. तेव्हा वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून बघायचा, इंटरनेट अर्काइव्हवाले १९९६पासून पानं साठवतायत, २००१ला सगळ्यांसाठी खुलं केलं. तीसुद्धा एक लायब्ररीच म्हणवते स्वतःला.

---

कपाट_चौथं

@सरळसोट, प्लास्टिकच्या कव्हरबद्दल काय बोलू, असतात तशा लायब्ऱ्या, आणि बऱ्याच ठिकाणी संदर्भासाठी वेगळा माणूसच नेमलेला नसतो, एकच जण देवघेव, झाडलोट, वर्गणी सगळं बघतो. त्याच्याकडून मान वर करायची अपेक्षा ठेवा, पण कारण हे आहे. तुमचे पेपरचे उपाय एकदम बरोबर, मीसुद्धा लोकांना आधी तेच करायला लावते.

पण त्याच्या पुढचं सांगते. लायब्ररी एकटी नसते. आमच्याकडे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं, त्याला आंतरग्रंथालयीन देवघेव म्हणतात, आणि कोणाकडे काय आहे ते बघायला एकत्रित याद्या असतात. त्यातली सगळ्यात मोठी वर्ल्डकॅट, १९७१पासून चालू आहे, घरी बसून फुकट बघता येते. बघा, पुस्तकाचं नाव टाका, कुठल्या लायब्ररीत आहे ते दिसतं. मग तेवढं छापून किंवा लिहून काउंटरवर न्या, "हे मागवता येईल का" असं विचारा. "मधमाश्यांवर काही आहे का" आणि "हे नेमकं पुस्तक अमुक लायब्ररीत आहे, मागवता का", यात काउंटरमागच्या दमलेल्या माणसालाही फरक पडतो. अख्खं पुस्तक नको असेल तर कॉपीराइटच्या नियमात बसतं तेवढं एखादं प्रकरण स्कॅन करून मिळू शकतं. आणि काही सार्वजनिक लायब्ऱ्या पैसे भरून डेटाबेस घेतात, सभासद असाल तर तिथे बसून किंवा कार्डाच्या नंबराने घरून लॉगिन करून वापरता येतात. सगळीकडे नाही. पण विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही, बोर्ड लावलेला असला तर दाराआड असतो.

आता एआयच्या पुस्तकांचं. हे आमच्याकडे नवीन दुखणं आहे. माणसं यादी घेऊन येतात, सुंदर यादी, लेखक, प्रकाशक, साल सगळं, आणि पुस्तक अस्तित्वातच नाही. एआय पुस्तकांच्या यादीत बघून सांगत नाही, पुस्तकाचं नाव कसं *असतं* तसं रचून देतो. काही वेळा लेखक खरा असतो, त्याच विषयातला, म्हणून फसायला होतं. तपासायचं असं: पेपर असेल तर त्याचा डीओआय, म्हणजे पेपरचा कायमचा ओळख नंबर मागा, तो १०ने सुरू होतो, डीओआय डॉट ऑर्गवर टाकला की खरा असेल तर पेपरच्याच पानावर जातो. उघडला तरी शीर्षक जुळतंय का बघा, कारण खरा डीओआय भलत्याच पेपरचा असं पण होतं. पुस्तक असेल तर वर्ल्डकॅटमध्ये किंवा एखाद्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या यादीत बघा. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख नंबर) नाही म्हणून खोटं समजू नका, १९७०च्या आधीच्या पुस्तकांना तो नसतोच.

आपल्याकडचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवा. तेव्हा पुस्तक कपाटात सापडत नाही म्हणून वेळ जायचा. आता नको ते चाळण्यात जातो.

---

ओळखपाळख_नको

थोडं वेगळं. एखादी गोष्ट गूगलला विचारायची नसते म्हणून मी लायब्ररीत जाते. घरात एक आजारपण होतं, नाव लिहीत नाही. एकदा शोधलं आणि मग महिनोन्‌महिने फोनवर त्याच औषधांच्या जाहिराती, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर. लायब्ररीत त्या बाईंनी मला ना नाव विचारलं ना कोणाला झालंय ते. वैद्यकीय संदर्भग्रंथ दिला, पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन यादीत, कसं शोधायचं ते दाखवलं, आणि स्पष्ट सांगितलं की मी अर्थ सांगणार नाही, तो डॉक्टरला विचारा, मी फक्त शोधून देईन. मला तो स्पष्टपणा फार आवडला. वाचक काय वाचतो ते बाहेर सांगायचं नाही हे ग्रंथपालांच्या आचारसंहितेत आहे म्हणे, कपाटताई खरं ना?

---

कपाट_चौथं

हो, इफ्लाच्या, म्हणजे ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१२च्या आचारसंहितेत आहे. पण एक लक्षात ठेवा, लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर बसून तुम्ही स्वतःच्या ईमेलने लॉगिन करून शोधलंत तर गूगलला ते कळतंच, तिथे आमचं काही चालत नाही. आणि उठताना लॉगआउट करा, रोज कोणाचं ना कोणाचं अकाउंट उघडं सापडतं.

---

रिकामटेकडा_किडा

अपडेट. फोन केला लायब्ररीत. आधी ज्याने उचलला त्याने "पुस्तकं बघायला या" म्हणून ठेवून दिला. मग ताईंनी सांगितलं तसं वर्ल्डकॅटमध्ये पुस्तक शोधून, नाव-लेखक लिहून घेऊन गेलो, आणि अहो फरक पडला. तिथल्या मॅडमनी मागवायचा फॉर्म भरून घेतला, आणि मी काही न विचारता "तोवर हे बघा" म्हणून कृषी विद्यापीठाची एक जुनी पातळ पुस्तिका काढून दिली, कव्हर निघालेलं, पण त्यात मेणकिड्याचं पूर्ण जीवनचक्र चित्रांसकट. अळी पोळ्यातून बोगदे करत जाते ते चित्र बघितल्यावर माझ्या पेटीत काय चाललंय ते पहिल्यांदा नीट कळलं. ही पुस्तिका नेटवर शोधली, नाहीये.

पेटी उघडून बघितली तर राणी दिसत नाहीये आणि अंडीपण नाहीत. म्हणजे ताईंचा अंदाज बरोबर. आता नवीन प्रश्न, ज्या चौकटी काढल्यात त्या फ्रीजरमध्ये ठेवल्या तर अंडी-अळ्या मरतात असं पुस्तिकेत आहे, घरच्यांना कसं सांगू?

---

रद्दी_राणी

पिशवीत गुंडाळून ठेव आणि सांगूच नको 😀

---

सरळसोट

बरं, मानलं. माझ्या लायब्ररीच्या वेबसाइटवर संदर्भ विभागाचा ईमेल शोधतोय, "संपर्क" वर क्लिक केलं की पानच उघडत नाही.

---

कपाट_चौथं

फोन करा, दुपारच्या वेळी, तेव्हा काउंटरवर गर्दी नसते. आणि फोन उचलणाऱ्याला प्रश्न सांगत बसू नका, "संदर्भाचं कोण बघतं, त्यांच्याशी बोलायचंय" एवढंच म्हणा.