गलाथियाच्या वाळूवर बंदर नको, असं माझं मत. तुमचं काय?

लष्करवाली

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात माधवगंजात चुलत नणंदेकडे जेवायला गेलो होतो. बोलता बोलता ग्रेट निकोबारचा विषय निघाला आणि नंदोई म्हणाले, "वहिनी, ग्वाल्हेरहून समुद्र गाठायला रेल्वेत रात्र काढावी लागते, तुम्ही कासवांसाठी कशाला भांडता?" ते चेष्टेत बोलले, पण मला झोप आली नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ग्रेट निकोबार म्हणजे देशाच्या दक्षिण टोकाचं बेट. तिथे कंटेनरचं मोठं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवं शहर उभारायचं आहे. सगळं मिळून १६६ चौरस किलोमीटर, त्यातलं १३० चौरस किलोमीटर जंगल. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरीही मिळाली. त्यातलं बंदर होणार आहे ते गलाथियाच्या उपसागरात, जिथे लेदरबॅक कासवं अंडी घालतात. ही जगातली सर्वांत मोठी कासवं. पाठीवर टणक कवच नाही, चामड्यासारखी कातडी. लांबी दोन मीटरपर्यंत जाते, वजन कित्येक क्विंटल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री मादी वाळूवर चढते, मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी दीड हात खोल खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. दोनेक महिन्यांनी पिल्लं निघतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसेल तिकडे धावतात.

इथलं अभयारण्य रद्द करायला जानेवारी २०२१ मध्ये संमती दिली गेली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने सागरी कासवांचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आणि त्यात गलाथियाची गणना महत्त्वाच्या किनाऱ्यांमध्ये केली. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: झाड दुसरीकडे लावता येतं (त्यालाही जंगल म्हणत नाहीत, ते सोडा), पण अंडी घालायचा किनारा दुसरीकडे नेता येत नाही.

मोरार छावणी

ताई, मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून उत्तर देतो. मी २६ वर्षं फौजेत काढली. मलाक्काची सामुद्रधुनी या बेटापासून किती जवळ आहे ते नकाशावर पाहा. जगाच्या व्यापाराचा केवढा तरी भाग त्या चिंचोळ्या वाटेने जातो. तिथे आपलं अस्तित्व हवं की नको?

दुसरं म्हणजे माल. आपल्याकडे येणारा-जाणारा जो माल मोठ्या जहाजातून लहान जहाजात चढवावा लागतो, त्यातला तीन-चतुर्थांश वर्षानुवर्षं कोलंबो, सिंगापूर, क्लांग असल्या परक्या बंदरांत हाताळला गेला. तो पैसा आपला होता.

तिसरं, कासवं इतकी नाजूक नसतात. २००४ च्या त्सुनामीत या बेटाचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं. इंदिरा पॉइंटचा दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. गलाथियाची वाळू अक्षरशः वाहून गेली. तरी काही वर्षांत किनारा पुन्हा भरला आणि कासवं परतली. ओडिशात गहिरमाथा या कासवांच्या किनाऱ्याजवळ धामरा बंदर झालं तेव्हाही हाच आरडाओरडा होता. २०११ पासून बंदर चालू आहे, दिवे झाकले, कासवं अजून येतात. शिवाय भरपाई म्हणून लिटल निकोबारवर लेदरबॅकसाठी वेगळं अभयारण्य जाहीर झालंच आहे. गलाथियाची पश्चिमेकडची बाजूही मोकळी ठेवणार आहेत. आणखी काय करायचं सरकारने?

दालबाजार

काकांशी सहमत. आमच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचे नातेवाईक ग्रेट निकोबारवरच्या 'कॅम्पबेल बे' या गावात असतात. १९६९ नंतर माजी सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवलं, त्यांपैकी. गंभीर दुखणं झालं की पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम, गाठेपर्यंत जीव टांगणीला. त्यांना रस्ते आणि दवाखाने नकोत का?

आणि अंडी उचलून कुंपणात ठेवा ना. कोकणात वेळासला २००२ पासून तेच करतात. गावात पर्यटक येतात, चार पैसे मिळतात, पिल्लंही समुद्रात जातात.

चंबळकाठ

वेळासचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. तिथे अंडी उचलतात खरी, पण ठेवतात त्याच किनाऱ्यावरच्या कुंपणात. पिल्लं त्याच वाळूवरून पाण्यात उतरतात. माद्या पुन्हा तिथेच येतात, कारण किनारा जागेवर आहे.

मी ग्वाल्हेर-मुरैना करणारा माणूस. देवरीचं घडियाल मगरींचं केंद्र तुमच्यापैकी अनेकांनी मुलांना दाखवलं असेल. चंबळेच्या काठावरून घडियालची अंडी आणतात, पिल्लं तीनेक वर्षं वाढवतात, सव्वा मीटरच्या आसपास झाली की नदीत सोडतात. फार मोठं काम आहे, मी तिथल्या लोकांना हात जोडतो. पण अंडी आणायची कुठून? त्याच वाळूच्या काठावरून. ट्रॅक्टर लावून वाळू उपसली की मार्च-एप्रिलमध्ये मादीला घरटं करायला जागा उरत नाही. साल कासवाचंही तेच: डोक्यावर लाल पट्टे असलेलं, आता जगात जवळजवळ फक्त चंबळेत तग धरून असलेलं नदीचं कासव. केंद्र कितीही चांगलं असो, काठ गेला की केंद्रही बंद पडणार. आपण हे पन्नास-साठ किलोमीटरवर बघतोय. त्यामुळे 'ग्वाल्हेरकरांचा काय संबंध' हा प्रश्न निदान आपल्याला तरी कुणी विचारू नये.

दवाखान्याबद्दल: दवाखाना हवाच. त्यासाठी कंटेनर बंदर का लागतं ते सांगा. आणि तिथल्या माणसांचं म्हणाल, तर निकोबारी लोकांच्या आदिवासी परिषदेने आधी दिलेलं ना-हरकत पत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतलंय. शोंपेन आदिवासी तर जंगलातच राहतात, २०११ च्या जनगणनेत ते जेमतेम सव्वादोनशे. त्यांना कोण विचारणार?

लष्करवाली

@मोरार छावणी, काका, तुमच्या त्सुनामीच्या मुद्द्यावर मी दोन दिवस विचार करत होते, कारण तो सगळ्यांत जोरदार आहे.

वाळू परत आली, हे खरं. पण का आली? समुद्राची वाट मोकळी होती म्हणून. लाटा आणि प्रवाह किनाऱ्याला समांतर वाळू ढकलत राहतात, एकीकडची उचलतात आणि दुसरीकडे टाकतात. बंदरासाठी समुद्रात भिंती घातल्या की ही ये-जा तुटते. चेन्नईला मरीना एवढा रुंद झाला तो बंदराच्या भिंतीपाशी वाळू अडत गेली म्हणून, आणि त्याच भिंतीच्या उत्तरेकडच्या वस्त्या समुद्र खात गेला. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदर झालं आणि शहरापुढचा किनारा गेला. तिथे दगड टाकून ठेवावे लागले. लेदरबॅकची मादी दगडांवर चढत नाही. त्सुनामी एकदा आली आणि ओसरली, भिंत कायमची असते. पश्चिमेची बाजू मोकळी ठेवतील, पण त्या बाजूला वाळू पोचेल का?

धामरा गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर नाही, काही अंतरावर आहे. इथे बंदर त्याच उपसागरात येतंय. आणि लिटल निकोबारच्या किनाऱ्यावर कासवं आधीपासूनच येत होती. असलेल्या किनाऱ्याला संरक्षण दिलं म्हणून गेलेला किनारा भरून निघत नाही. घरात दोन विहिरी असताना एक बुजवायची आणि दुसरीला कठडा बांधला म्हणायचं, तसं वाटतं मला.

संरक्षणावर माझा वाद नाही. कॅम्पबेल बेला २०१२ पासून नौदलाचा आयएनएस बाज तळ आहे. त्याच्या धावपट्टीसाठी गलाथियात भिंत बांधावी लागत नाही. गहिरमाथ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावर तर कासवांच्या हंगामासाठी जानेवारी ते मार्च क्षेपणास्त्रांच्या चाचण्या थांबवायचं ठरलं होतं. देशाचं संरक्षण बघणारी माणसं हे ठरवू शकली.

आणि माल हाताळायला केरळात विळिंजम बंदर आहे, मे २०२५ मध्ये त्याचं रीतसर उद्घाटन झालंय. मुख्य भूमीवर आहे, रस्ते जवळ आहेत. निकोबारला उतरवलेला प्रत्येक डबा पुन्हा जहाजानेच हलवावा लागणार, कारण बेटावर त्याला गिऱ्हाईक नाही.

दालबाजार

विळिंजम झालं म्हणून दुसरं नको, हे पटत नाही. व्यापार वाढतो, एका बंदरावर देश चालत नाही. पूर्वेकडच्या मालाला विळिंजमचा वळसाच पडतो. कासवांबद्दल मला आदर आहे, पण मी माणसांच्या बाजूने.

गोरखीजवळ

मी फक्त एक भर घालते. अंदमानातल्या लिटल अंदमान बेटावरून काही लेदरबॅक माद्यांना उपग्रहाचे टॅग लावले होते. काही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेला गेल्या, काही थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे. हजारो किलोमीटर. आणि अंडी घालायला आपल्याकडच्या वाळूवर. माझी आठवीतली मुलगी हे वाचून म्हणाली, "म्हणजे ती माहेरी येते." मला पुढे काही बोलवेना.

मोरार छावणी

वाळूच्या ये-जा बद्दल मला एवढं ठाऊक नव्हतं. चेन्नईला मी होतो, पण मरीना असा का रुंद आहे हे कधी डोक्यात आलं नाही. तुमचा हा मुद्दा मान्य.

मत मात्र पूर्ण बदललेलं नाही. धावपट्टी मोठी करा, नौदलाचं बळ वाढवा, माझा ठाम पाठिंबा. तिथे शहर वसवायलाही मी लगेच नाही म्हणणार नाही, आपली माणसं तिथे असणं हेही संरक्षणच आहे. मालाचं बंदर गलाथियाऐवजी बेटाच्या दुसऱ्या बाजूला होत असेल, खर्च जास्त लागला तरी, तर मी तिकडे मत देईन. नसेल होत, तर भिंत बांधायच्या आधी आणि नंतर दर हंगामात गलाथियाच्या वाळूची रुंदी मोजून आकडे सर्वांसमोर ठेवा. वाळू घटायला लागली तर कुणी थांबवायचं, हे आजच कागदावर लिहून द्या. फौजेत पूल बांधतानासुद्धा आम्ही माघारीची वाट आधी ठरवत असू.

चंबळकाठ

काका, घटलेली वाळू परत आणायला भिंत काढावी लागेल. ती कोण काढेल?